महापौर विल्यम ग्रेस

विल्यम ग्रेस यांचा जन्म १८३२ साली आयर्लंडात झाला. ते लहान असताना तिथे बटाट्याचं पीक कुजलं. लाखो माणसं भुकेनं नि रोगानं मेली. ग्रेस पुढे पेरूला गेले. पेरू हे देशाचंही नाव आहे. तिथे बंदरावर बोटींना लागणारं सामान विकून त्यांनी व्यापार वाढवला. मग ते न्यूयॉर्कला आले. १८८० साली आयर्लंडात पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा अन्न नेणाऱ्या बोटीला त्यांनी खूप मदत केली. त्याच साली ते महापौरपदाला उभे राहिले. ते कॅथलिक म्हणून पुष्कळांनी विरोध केला. तरी निवडून आले. १८८५ साली स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा न्यूयॉर्कला आला, तेव्हाही तेच महापौर होते. १९०४ साली ते वारले. श्रीमंत झाल्यावरही ते भुकेल्यांना विसरले नाहीत, म्हणून ते मला आवडतात.