ग्रेस हॉपर : घड्याळं उघडून पाहणारी मुलगी



मागच्या पावसाळ्यात मी शाळेतल्या लिनक्स संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती चालवली की मुलांचा टायपिंगचा सराव सुरू होणार होता. सातवीतल्या एका मुलीला एंटर दाबायला सांगितलं आणि पडद्यावर आलं, परमिशन डिनाइड. तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला. संगणक आपल्यामुळेच बिघडला असं तिला वाटलं. त्यानंतर दोन दिवस ती संगणकाजवळ फिरकली नाही. चूक खरं तर माझी होती. म्हणून मी वर्गाला ग्रेस हॉपर यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही ती उपयोगी पडेल.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना त्यांना प्रश्न पडला, गजराचं घड्याळ वाजतं कसं? त्यांनी एक उघडलं, ते जुळेना. म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली! आता तुम्ही आई-वडील म्हणून काय केलं असतं, सांगा बरं? त्यांच्या आईने घड्याळांना हात लावायला बंदी केली नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचं, एवढी मर्यादा घातली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

पुढे कॉलेज प्रवेशाच्या वेळी त्या लॅटिनमध्ये नापास झाल्या आणि त्यांचं एक वर्ष गेलं. तरी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हासार कॉलेजमध्ये त्या गणित शिकवत. म्हणजे त्या आपल्यासारख्याच शिक्षिका होत्या बघा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी. त्यासाठी खास सवलत घेऊन त्या भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डला मार्क वन या संगणकावर काम करू लागल्या. हे यंत्र सुमारे ५१ फूट लांब होतं, म्हणजे आपल्या दोन वर्गखोल्यांएवढं!

९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू हे पुढचं यंत्र नीट चालेना. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला गेला, शेजारी वेळ आणि जागा लिहिली गेली. तो किडा ग्रेस यांनीच पकडला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. तो सहकाऱ्यांना सापडला, ग्रेस यांनी ही हकिगत पुढे जगभर सांगितली. बग हा शब्दही त्याआधीपासून वापरात होता. पण चूक लपवायची नाही, वहीत लावून ठेवायची, ही सवय आपण नक्की घ्यावी. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

त्यांचं मोठं काम १९५२ चं. तोपर्यंत प्रोग्रामचे तेच ते तुकडे माणसं हाताने उतरवून घेत, आणि उतरवताना चुका होत. ग्रेस यांनी ए-झिरो हा कंपायलर तयार केला. तुकड्याचा क्रमांक दिला की संगणक तो टेपवरून शोधून स्वतःच जोडणी करायचा. संगणक फक्त आकडेमोड करतो, असं म्हणून सुरुवातीला लोकांनी त्यावर विश्वासच ठेवला नाही. आज आपण सॉफ्टवेअर बिल्ड करतो म्हणजे काय, तर अशीच जोडणी. त्यांच्याच फ्लो-मॅटिक भाषेचा आधार घेऊन १९५९ पासून कोबोल ही भाषा घडली.

बिल्ड अडलं की पडद्यावर चुकांची लांबलचक यादी येते. मुलं घाबरतात आणि शेवटची ओळ पाहतात. तेव्हा त्यांना भातशेती आठवून द्या. वरच्या खाचराचा बांध फुटला की पाणी खालचे बांधही फोडत जातं. शेतकरी आधी कुठे जातो? वर! तसंच यादीतली पहिली चूक आधी वाचायची. ती दुरुस्त झाली की खालच्या बऱ्याच चुका आपोआप जातात.

आता माझी चूक. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन परवानग्या असतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. नवी फाइल तयार केली की चालवण्याची परवानगी सहसा मिळत नाही, ती आपण द्यावी लागते. मी चमॉड हा हुकूम वापरायलाच विसरलो होतो. मात्र अडचण आली म्हणून सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकू नका. जिला गरज आहे त्या एकाच फाइलला, गरजेपुरतीच द्या. ग्रेस यांच्या आईने एकच घड्याळ दिलं होतं, तसं.

ग्रेस १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटत. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून दाखवण्यासाठी. वर्गात हा प्रयोग जरूर करा, खर्च काहीच नाही. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

पालकहो, आपण मुलांना संगणक नुसता बघायला देतो, चालवायला देत नाही. मोडेल म्हणून भीती वाटते. एक जुनं यंत्र, एक फोल्डर तरी त्यांच्या हाती द्या. आमच्या वर्गात आता चुकांची वही आहे : तारीख, पडद्यावरचा संदेश, कारण आणि उपाय. परमिशन डिनाइड ही त्यातली पहिली नोंद. ती त्याच मुलीने लिहिली आहे आणि कारणाच्या रकान्यात माझं नाव घातलं आहे.