फादर स्टीफन्स : ओवी आणि प्रणाम

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मलेले टॉमस स्टीफन्स रोम येथे येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोमंतकात उतरले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी गोमंतकातच, मुख्यत्वे साष्टी प्रांतात, धर्मकार्य केले.

त्या साष्टीतील देवालये पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये उद्ध्वस्त केली होती, हे विसरून हे चरित्र सांगता येणार नाही. देवालयांबरोबर पुराणश्रवणही गेले. जुन्या पोथ्यांना मज्जाव केलात, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण तरी द्या, अशी विनवणी नवख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने केल्याचे स्टीफन्स यांनीच ग्रंथारंभी नमूद केले आहे. त्या अनाम ब्राह्मणाची व्याकुळता कोणाही कीर्तनकाराच्या काळजाला भिडेल. तिच्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' सिद्ध झाले व १६१६ मध्ये मुद्रित झाले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या सर्वश्रुत आहेत.

वाणी अशी मराठी झाली; उपासनेतील देहाची भाषा मात्र रोमचीच राहिली. तथापि देवघरात नित्य नमस्कार करणाऱ्यास ती परकी वाटू नये. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाम घेत कपाळ, छाती, डावा व उजवा खांदा यांना स्पर्श करून कॅथॉलिक भाविक क्रूसाची खूण करतो. संध्यावंदनातील न्यास जाणणाऱ्याला यात नामाने देह पावन करण्याचा भाव सहज ओळखू येईल. प्रसादरूप भाकरीत प्रत्यक्ष प्रभूचे सान्निध्य मानून तिच्यापुढे उजवा गुडघा भूमीला टेकवितात. पापांची कबुली देताना छातीवर मूठ हाणून घेतात. दोष माझाच, असे तेथे हातच बोलतो.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोमंतकातच निवर्तले. त्यांच्या पुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी संपादिली व ती १९५६ मध्ये आपल्या पुण्यातच प्रसिद्ध झाली. देहाच्या भाषेला मात्र आणखी थांबावे लागले. गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून नतमस्तक होण्यास, तसेच पंचांग प्रणामास व आरतीस भारतातील कॅथॉलिक उपासनेत रोमची संमती मिळाली ती १९६९ मध्ये. स्टीफन्स यांच्या निधनास त्या वर्षी साडेतीनशे वर्षे झाली होती.