जॉनी कार्सन : मध्यरात्रीच्या गादीचा धनी

अमेरिकी दूरचित्रवाणीवर रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमांची चढाओढ जुनी आहे. त्या गादीवर दीर्घकाळ बसलेले जॉनी कार्सन हे २३ ऑक्टोबर १९२५ रोजी आयोवा राज्यात जन्मले आणि नेब्रास्कातील नॉरफोक गावात वाढले. शाळकरी वयातच ते जादूचे प्रयोग करून पैसे मिळवीत. पुढे नौदल, विद्यापीठ, ओमाहातील नभोवाणी असा प्रवास झाला. १९५४ साली विनोदी नट रेड स्केल्टन थेट प्रक्षेपणाच्या तासभर आधी जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी विनोद लिहिणाऱ्या कार्सन यांना ऐनवेळी उभे करण्यात आले. तेथून लोक त्यांना ओळखू लागले.

१ ऑक्टोबर १९६२ रोजी एनबीसी वाहिनीचा ‘द टुनाइट शो’ त्यांच्या हाती आला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे तो त्यांच्याकडेच राहिला. नवोदित विनोदकाराचा प्रयोग संपल्यावर कार्सन यांनी त्याला पाहुण्यांच्या कोचावर बोलावले, की त्याचे नशीब उघडले असे समजत. जोई बिशप, मर्व ग्रिफिन, डिक कॅव्हेट यांना इतर वाहिन्यांनी त्यांच्यासमोर उभे केले; कोणीही त्यांना हलवू शकले नाही. अंथरुणावर पडलेल्या प्रेक्षकाला नवा चेहरा नको असतो, हेच बहुधा त्याचे खरे कारण.

सर्वांत कडवट लढत मात्र घरच्याच माणसाशी झाली. जोन रिव्हर्स यांना १९६५ साली याच कार्यक्रमाने पुढे आणले. १९८३ पासून कार्सन यांच्या गैरहजेरीत कायमच्या बदली सूत्रसंचालक म्हणून त्याच बसत. वाहिनीने केलेल्या संभाव्य वारसांच्या यादीत आपले नाव नाही, असे कळल्याचे त्या पुढे सांगत. १९८६ मध्ये त्यांनी नव्या फॉक्स वाहिनीवर त्याच वेळेचा स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला. ही वार्ता कार्सन यांच्या कानी आधी दुसरीकडूनच गेली. त्यानंतर ते रिव्हर्स यांच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. वर्षही पुरे होण्याआधी, मे १९८७ मध्ये, रिव्हर्स यांना तो कार्यक्रम सोडावा लागला. एवढ्या उंचीवरच्या माणसाला हा अबोला शोभला नाही, असे आम्हांस वाटते.

२२ मे १९९२ रोजी कार्सन निवृत्त झाले. त्यांच्या कार्यक्रमापाठोपाठ येणारा डेव्हिड लेटरमन यांचा कार्यक्रम कार्सन यांच्याच संस्थेने उभा केला होता. तरीही वाहिनीने वारस म्हणून जे लेनो यांना निवडले. दुखावलेले लेटरमन १९९३ मध्ये सीबीएसवर गेले आणि लेनोंचे प्रतिस्पर्धी झाले. १९९४ मध्ये कार्सन पडद्यावर अखेरचे दिसले, ते लेटरमन यांच्याच मंचावर. आपल्या जुन्या कार्यक्रमाशी झुंजणाऱ्या या माणसाला ते घरी बसून विनोद लिहून पाठवीत राहिले.

२३ जानेवारी २००५ रोजी फुफ्फुसाच्या विकाराने वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आठवड्याने लेटरमन यांनी कार्यक्रमाच्या आरंभी नेहमीसारखे विनोद सांगितले. ते सारे कार्सन यांनी पाठविलेले होते, हे प्रेक्षकांना नंतर कळले.