पाठीवर पिशवी घेऊन धावणारा गणितज्ञ

गोष्ट साधारण शंभर वर्षांपूर्वीची. मँचेस्टरमध्ये गवतावर आखलेल्या एका छोट्या गोल मार्गावर पस्तिशीतले एक प्राध्यापक धावत असत. पाठीवर हवाबंद कापडाची मोठी पिशवी, तोंडात नळी, नाकाला चिमटा. ठरलेल्या वेगाने काही मिनिटे धावल्यावर ते नळीची तोटी फिरवत आणि तिथून पुढचा उच्छ्वास पिशवीत साठू लागे. मग वेग वाढवायचा आणि पुन्हा तेच. पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटला असता. आज खेळाडूंच्या प्रशिक्षणाचे जे शास्त्र विद्यापीठांत शिकवले जाते, त्याच्या पायाचे काही महत्त्वाचे दगड मात्र या धावण्यातून रचले गेले. त्या प्राध्यापकांचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत क्रीडा प्रशिक्षण विज्ञानाच्या पदवीला जोडून एक पायाभूत वर्ष असते. मैदानावर चांगली कामगिरी केलेली, पण शाळेत जीवशास्त्र किंवा गणित मागे पडलेली मुले या वर्षात हृदय, फुफ्फुसे, स्नायू, आकडेमोड आणि आलेख यांची ओळख करून घेतात. मगच पुढची तीन वर्षे सुरू होतात. खेळायला आलेल्यांनी गणित कशासाठी शिकायचे, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. हिल यांचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. ते गणिताकडून स्नायूंकडे आले आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईने एकटीने मुलांना वाढवले. शिष्यवृत्ती मिळवत हिल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचले. तिथल्या गणिताच्या अवघड परीक्षेत १९०७ मध्ये त्यांनी तिसरा क्रमांक पटकावला. गणितज्ञ म्हणून पुढची वाट सरळ होती. पण त्यांचे शिक्षक वॉल्टर फ्लेचर यांनी त्यांना शरीरक्रियाशास्त्राकडे वळण्याचा आग्रह केला. फ्लेचर स्वतः स्नायूंवर संशोधन करत होते. हिल यांनी तो सल्ला मानला आणि नव्या विषयाचा अभ्यास मुळापासून सुरू केला. दोन वर्षांत त्यांनी त्याही परीक्षेत पहिला वर्ग मिळवला. धावण्याची आवड त्यांना विद्यार्थिदशेपासून होती. ही आवड पुढे संशोधनाच्या कामी येईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

केंब्रिजमध्ये त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न वरकरणी साधा होता. स्नायू आकसतो तेव्हा उष्णता निर्माण होते. ती किती, आणि नेमकी केव्हा? बेडकाच्या मांडीचा छोटासा स्नायू एकदा आकसला, की तापमान एका अंशाच्या काही हजाराव्या भागाने वाढते. इतका सूक्ष्म फरक, तोही क्षणाक्षणाला मोजायचा होता. हिल यांनी त्यासाठी अतिशय संवेदनशील उपकरणे वापरली आणि ती वर्षानुवर्षे सुधारत नेली. या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. आकुंचनाच्या वेळी जी उष्णता निघते, तिला ऑक्सिजनची गरज नसते. त्यानंतर काही मिनिटे स्नायू सावकाश आणखी उष्णता देत राहतो; ही दुसरी उष्णता ऑक्सिजन असेल तरच निघते. म्हणजे स्नायू आधी काम करतो आणि त्याचा हिशेब मागाहून चुकता करतो.

पहिल्या महायुद्धामुळे हे काम थांबले. हिल यांनी विमानविरोधी तोफांचा नेम सुधारण्यासाठी गणितज्ञांचे एक पथक चालवले. युद्धानंतर १९२० मध्ये ते मँचेस्टरला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. स्नायूंतील उष्णतेच्या शोधासाठी त्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ ओटो मायरहॉफ यांच्याबरोबर वाटून घेतले. स्नायूत तयार होणारे लॅक्टिक आम्ल आणि वापरला जाणारा ऑक्सिजन यांचे नाते मायरहॉफ यांनी उलगडले होते. नुकतेच एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन देशांतील शास्त्रज्ञांचा हा एकत्र सन्मान होता.

बेडकाच्या स्नायूत दिसलेला हिशेब धावणाऱ्या माणसालाही लागू पडतो का, हे पाहण्यासाठीच ती पिशवी पाठीवर चढली. हार्टली लप्टन या सहकाऱ्याबरोबर हिल यांनी हे प्रयोग केले आणि बऱ्याचदा प्रयोगातला माणूस ते स्वतःच असत. पद्धत सरळ होती. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. उच्छ्वासात तो किती उरला आणि एकूण किती हवा बाहेर पडली हे मोजले, की शरीराने दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरला ते कळते.

वेग वाढत गेला तसा ऑक्सिजनचा वापरही वाढत गेला. मग एक टप्पा असा आला, की वेग वाढवला तरी ऑक्सिजनचा आकडा तिथेच राहिला. हिल यांच्या बाबतीत तो मिनिटाला सुमारे ४ लिटर होता. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. हृदय, फुफ्फुसे आणि रक्त मिळून ऑक्सिजन पुरवण्याची ही कमाल मर्यादा. आज तिला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. सकाळी धावायला जाणाऱ्या अनेकांच्या मनगटावरचे घड्याळ हाच आकडा अंदाजाने दाखवते.

मग त्या मर्यादेपलीकडे माणूस धावतो कसा? हिल यांनी यासाठी उधारीची कल्पना मांडली. पुरवठा कमी पडला, की स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात आणि शर्यत संपल्यावर धापा टाकत शरीर ती उधारी फेडते. याला त्यांनी ‘ऑक्सिजनचे कर्ज’ असे नाव दिले. शंभर मीटर धावणारा जवळजवळ सगळी शर्यत उधारीवर मारतो, तर लांब पल्ल्याच्या धावपटूला बहुतांश व्यवहार रोखीने करावा लागतो. या दोघांना एकच सराव देऊन चालणार नाही, हे प्रशिक्षकांना अनुभवाने जाणवत होते. आता त्यामागचे कारण आकड्यांत मांडता येऊ लागले.

१९२३ मध्ये हिल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. दोन वर्षांनी, ब्रिटिश असोसिएशनच्या साउदम्प्टन येथील अधिवेशनात त्यांनी क्रीडाविक्रमांच्या शारीरिक पायावर व्याख्यान दिले. निरनिराळ्या अंतरांचे विक्रम घेऊन त्यांनी वेग आणि वेळ यांचे आलेख काढले होते. स्त्री-पुरुषांचे धावणे, पोहणे, इतकेच काय, घोड्यांच्या शर्यतीही त्यात होत्या. अंतर वाढते तसा सरासरी वेग आधी झपाट्याने आणि मग हळूहळू उतरतो, हे त्या वक्ररेषांतून स्पष्ट दिसत होते. वर्तमानपत्रातल्या क्रीडापानावरचे आकडे हा शरीरावरच्या अगणित प्रयोगांचा आयता साठा आहे, हे त्यांनी ओळखले. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुरुवातीलाच जोर लावण्यापेक्षा शेवटपर्यंत वेग शक्यतो एकसारखा ठेवणे फायद्याचे, हाही त्यांच्या हिशेबाचा निष्कर्ष होता.

त्यानंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी वेगवान धावपटूंवर प्रयोग केले. धावपटूच्या अंगाला चुंबकित केलेली पोलादी पट्टी बांधायची आणि धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरांवर तारेची मोठी वेटोळी ठेवायची. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला, की तारेत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होई आणि वेळेची नोंद होई. शर्यतीच्या कोणत्या टप्प्यावर वेग किती, हे त्यातून समजू लागले. एकट्या स्टॉपवॉचने ते शक्य नव्हते. अमेरिकेतच एका व्याख्यानानंतर, या सगळ्याचा उपयोग काय, असे एका श्रोत्याने त्यांना जरा रागानेच विचारले होते. हिल यांनी उपयोग समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि अखेर कबूल केले, की हे सारे आपण गंमत वाटते म्हणून करतो.

हिल यांची खरी कसोटी १९३० मध्ये लागली. लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आकसतो, हा त्यांच्या आणि मायरहॉफ यांच्या विचारांचा कणा होता. डेन्मार्कचे तरुण शास्त्रज्ञ आयनार लुंड्सगार्ड यांनी एका रसायनाने स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होणेच बंद पाडले. तरीही स्नायू काही काळ आकसत राहिला. ज्या विचारचौकटीत नोबेल मिळाले होते, तिचा मधला खांबच निखळला. अशा वेळी नामवंत माणसे सहसा नव्या प्रयोगात खोट शोधतात. हिल यांनी स्नायूंच्या शास्त्रात क्रांती झाल्याचे १९३२ मध्ये स्वतःच लेख लिहून जाहीर केले आणि आपले जुने स्पष्टीकरण मागे घेतले. त्यांची मोजमापे चुकलेली नव्हती. त्यांचा लावलेला अर्थ बदलावा लागला.

गंमत अशी, की हिल यांनी सोडून दिलेल्या आम्लाचे भूत व्यायामशाळांतून अजून गेलेले नाही. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असे आजही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात रक्तातील वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीच्या जवळ येते आणि शरीर त्याचा इंधन म्हणून वापरही करते. नंतरच्या दुखण्यामागे सवय नसलेल्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्या दुरुस्तीची प्रक्रिया असते. ‘ऑक्सिजनचे कर्ज’ या कल्पनेतही पुढे बरीच दुरुस्ती झाली. शर्यतीनंतरच्या जादा श्वसनामागे वाढलेले तापमान आणि संप्रेरके यांचाही वाटा असतो. कमाल मर्यादा नेमकी कशाने ठरते, यावर तर अजून वाद आहे.

हिल पन्नाशीत होते तेव्हा, १९३८ मध्ये, त्यांचा आणखी एक महत्त्वाचा निबंध आला. रिकामी बादली झटकन उचलता येते, भरलेली सावकाश उचलावी लागते. भार वाढला की स्नायू आकसण्याचा वेग कमी होतो. हे नाते त्यांनी एका सुटसुटीत समीकरणात बसवले. त्यासाठीही स्नायूंविषयीची आपलीच एक जुनी कल्पना त्यांना सोडावी लागली होती. भार खूप कमी किंवा खूप जास्त असताना स्नायूची शक्ती पूर्ण लागत नाही. ती मधल्या भाराला सर्वाधिक असते, हे या समीकरणातून निघते. गोळाफेक, वेटलिफ्टिंग, उंच उडी यांचा सराव आखताना प्रशिक्षक आजही हेच नाते वापरतात.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांनी खूप केले. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या विद्वानांना आधार देणारी संस्था १९३३ मध्ये उभी राहिली, तीत हिल आघाडीवर होते. लाइपझिगहून आलेल्या बर्नार्ड काट्झ या तरुणाला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. काट्झ यांना पुढे १९७० मध्ये नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिल ब्रिटिश संसदेचे सदस्यही होते.

भारताशी त्यांचा संबंध याच काळातला. १९४३ च्या अखेरीस ते सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि काही महिने इथल्या संशोधनसंस्था पाहत फिरले. भारतातील वैज्ञानिक संशोधनावर त्यांनी अहवाल दिला. उत्तम वैद्यकीय शिक्षक आणि संशोधक घडवणारे एक अखिल भारतीय केंद्र असावे, अशी शिफारस त्यांनी केली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातही अशा संस्थेची कल्पना होती. १९५६ मध्ये दिल्लीत ‘एम्स’ उभे राहिले, त्यामागच्या विचारांत हिल यांचा वाटा होता.

३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे, वयाच्या नव्वदीत, हिल यांचे निधन झाले.

पायाभूत वर्षाच्या वर्गात बसलेल्या खेळाडूला गणित कशाला, याचे उत्तर हिल यांच्या त्या पिशवीत आहे. दमलो, जोर आला, सराव चांगला झाला, या सगळ्या भावना खऱ्या असतात. पण त्यांच्यावरून दुसऱ्याच्या शरीराचा सराव आखता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते. मोजलेले आकडे आपल्या लाडक्या समजुतीशी जुळले नाहीत, तर समजूत बदलावी लागते. हे न जमणारा प्रशिक्षक चुकीच्या सरावाची किंमत स्वतः मोजत नाही. ती त्याच्या हाताखालच्या मुलांच्या गुडघ्यांना, घोट्यांना आणि कधी हृदयालाही मोजावी लागते.