पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड नावाचे गाव आहे. इंग्रजांच्या अमदानीत ते एका लहानशा संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. या गावी दिगंबर गोपाळ पलुसकर नावाचे एक कीर्तनकार राहत असत. त्यांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. वडिलांच्या कीर्तनामुळे टाळ, मृदंग आणि संतांची पदे विष्णूच्या कानांवर लहानपणापासूनच पडत होती. मुलगा बुद्धिमान होता. शिकून सवरून तो मोठा होईल, अशी घरच्या मंडळींना आशा वाटत होती.

परंतु एका दुर्दैवी प्रसंगाने या आशेवर पाणी पडले. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवीत असता ती विष्णूच्या तोंडाजवळच फुटली आणि त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. पुष्कळ उपचार झाले, पण दृष्टी पूर्ववत होईना. पुस्तकातील अक्षरे दिसेनाशी झाली आणि शाळा सुटली. ज्या वयात मुलांनी खेळावे, बागडावे, त्या वयात पुढे काय करावे ही चिंता या मुलापुढे उभी राहिली.

उपचारांसाठी विष्णू मिरजेस आला होता. मुलाचा आवाज गोड आहे, त्याला गाणे शिकवावे, असा विचार तेथे पुढे आला. त्या वेळी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गवई राहत असत. बुवांनी ग्वाल्हेरीस जाऊन, अपार कष्ट सोसून तेथील गायकी हस्तगत केली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती. अशा गुरूंच्या पायांशी बसण्याचे भाग्य विष्णूला लाभले. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याच्या राहण्याजेवण्याची सोय केली.

त्या काळची संगीतविद्या आजच्यासारखी पुस्तकांतून मिळत नसे. शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा जे कानी पडेल ते टिपून घ्यावे, अशी रीत होती. विष्णूने ही सेवा मनोभावे केली. पहाटे उठून तो तंबोऱ्यावर सूर लावी आणि तासन् तास मेहनत करी. डोळ्यांनी साथ सोडली होती, म्हणून त्याने कानांना अधिक तीक्ष्ण केले. अशी सुमारे नऊ वर्षे गेली आणि विष्णूचे विष्णुबुवा झाले.

मिरजेतच एक प्रसंग असा घडला की, त्याने विष्णुबुवांच्या आयुष्याची दिशा ठरविली. गावातील एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, कारण त्यांच्यावर संस्थानिकांची कृपा होती. पण त्यांच्या गुरूंना मात्र कोणी बोलाविले नाही. गवई म्हणजे करमणुकीपुरता बोलवायचा माणूस, त्याला प्रतिष्ठितांच्या पंक्तीस कशाला बसवायचे, अशी तेव्हाच्या समाजाची समजूत होती. ज्यांच्या विद्येमुळे आपण मोठे झालो, त्या गुरूंचा असा अवमान पाहून विष्णुबुवांच्या मनाला फार क्लेश झाले. दोष एकट्यादुकट्याचा नव्हता. सारा समाजच या कलेला हलकी मानीत होता. ही स्थिती पालटायची असेल, तर संगीत राजवाड्यातून बाहेर आणून लोकांच्या घरांत नेले पाहिजे आणि गवयानेही आपले आचरण शुद्ध ठेवले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

१८९६ साली राजाश्रय सोडून ते मिरजेबाहेर पडले. गाठीस पैसा नव्हता आणि ओळखीही बेताच्याच होत्या. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी त्यांची भ्रमंती झाली. सौराष्ट्रात त्यांनी सर्वांसाठी खुला असा जाहीर जलसा केला. पूर्वी थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यातच जे गाणे होत असे, ते आता थोडे पैसे मोजणाऱ्या कोणत्याही माणसाला ऐकता येऊ लागले. मथुरेच्या परिसरात त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण पुष्कळ चिजा त्या भाषेत आहेत. अर्थ न समजता गाणे त्यांना मान्य नव्हते.

फिरत फिरत ते पंजाबात लाहोरला पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. चित्रकला शिकविणारी शाळा मुंबईत १८५७ सालीच निघाली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळाही चालू होती. परंतु कोणा राजाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर संगीताचे विद्यालय चालविणे ही गोष्ट नवीनच होती.

आरंभी तर विद्यालयात विद्यार्थीच येईनात. आपल्या मुलांनी गाणे शिकावे, असे कोणत्या घरंदाज माणसाला वाटणार? पण विष्णुबुवा डगमगले नाहीत. ठरलेल्या वेळी ते विद्यालय उघडीत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत स्वतःच गात बसत. वेळ संपली की दार लावून घरी जात. त्यांची ही निष्ठा पाहून लोकांचे मन हळूहळू वळले. एक एक करीत विद्यार्थी येऊ लागले आणि विद्यालय गजबजून गेले.

या विद्यालयाची शिस्त वाखाणण्यासारखी होती. प्रार्थना वेळेवर होई, वर्ग वेळेवर भरत आणि परीक्षाही होत. जे विद्यार्थी पुढे शिक्षक होऊ इच्छीत, त्यांच्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग होता. त्यांनी अनेक वर्षे गुरूजवळ राहून शिकावे, असा नियम होता. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार विद्यालय सोशी. स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय होती, आणि त्या काळी ही गोष्ट धाडसाची होती. वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना आणि स्वतःचा छापखानाही विद्यालयाला जोडलेला होता.

छापखान्याची आवश्यकता का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. गाणे हवेत उमटते आणि हवेतच विरून जाते. ते कागदावर कसे उतरवावे? विष्णुबुवांनी त्यासाठी स्वरलिपी तयार केली. सूर कोमल आहे की तीव्र, तो खालच्या सप्तकातील आहे की वरच्या, तो किती मात्रा लांबवायचा, ताल कोठे पडतो, या साऱ्यांसाठी त्यांनी निरनिराळी चिन्हे ठरविली. या लिपीत त्यांनी लहानमोठी अनेक क्रमिक पुस्तके लिहिली. ‘संगीत बालप्रकाश’ हे पुस्तक तर खास मुलांसाठी होते. पूर्वीच्या काही चिजांतील शब्द मुलांच्या तोंडी शोभणारे नव्हते. अशा ठिकाणी त्यांनी सूर, ताल तेच ठेवून संतांची भक्तिपर पदे योजिली. त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही वेगळ्या पद्धतीने याच कार्याला लागले होते. आज मुले जे संगीत वहीत लिहून घेतात, त्याचे श्रेय या दोन विष्णूंना आहे.

१९०८ साली विष्णुबुवांनी मुंबईस विद्यालय काढले आणि पुढे तेच त्यांचे मुख्य केंद्र झाले. विद्यार्थी वाढले, तशी जागा अपुरी पडू लागली. मग कर्ज काढून त्यांनी मोठी इमारत बांधली. जलसे करून ते कर्ज फेडू, असा त्यांचा भरवसा होता. ते गावोगाव फिरत, गात आणि मिळालेला पैसा विद्यालयाच्या कामी लावीत. तथापि खर्च मोठा आणि व्याजही मोठे. अखेरीस १९२४ साली त्या इमारतीचा लिलाव झाला. रक्ताचे पाणी करून उभी केलेली वास्तू डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती गेली.

एखादा माणूस अशा आघाताने खचून गेला असता. विष्णुबुवांनी तोपर्यंत नाशकास रामनामाचा आश्रम स्थापन केला होता आणि भगवी वस्त्रे धारण केली होती. तेथे त्यांनी निवडक शिष्यांना शिकविण्याचे व्रत चालूच ठेवले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात, तेव्हा हजारो श्रोते तल्लीन होत. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवीत, आणि १९३० सालच्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णुबुवांचे देहावसान झाले. जेथे त्यांची विद्या सुरू झाली, तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तोही नामांकित गायक झाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर अशा शिष्यांनी गुरूचे कार्य देशभर नेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना आजही असंख्य विद्यार्थी बसतात.

लिलावात इमारत गेली, पण विद्यालय गेले नाही, कारण ते दगडविटांचे नव्हतेच. भंडाऱ्यासारख्या दूरच्या जिल्ह्यात, जेथे भजनाचे आणि दंडारीचे सूर खेड्यापाड्यांतून घुमतात, तेथील मुलालाही आज शास्त्रोक्त संगीत शिकावेसे वाटले, तर कोणी त्याला हसत नाही. संगीत हा मानाचा विषय झाला आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे बालपणीच अंधार दाटला, त्या माणसाने आपल्या कलेला असा प्रकाश दाखविला.