जोसेफ लिस्टर

इंग्लंडात १८२७ साली जन्मलेले जोसेफ लिस्टर ग्लासगोच्या रुग्णालयात शस्त्रवैद्य होते. त्या काळी शस्त्रक्रिया उत्तम होई, पण जखम सडून रोगी दगावे. पाश्चर यांचे जंतूंविषयीचे संशोधन वाचून लिस्टर यांना त्याचे कारण उमगले. १८६५ साली गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाची जखम त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या कापडाने झाकली. एरवी असा पाय बहुधा कापूनच टाकीत. हा मात्र ६ आठवड्यांत सांधला. परंतु रक्तवाहिनी बांधण्याचा रेशमी दोरा जखमेत राही आणि तेथे पू धरे. १८६८ साली लिस्टर यांनी आतड्याची तात त्याच आम्लात मुरवून तिने एका वासराच्या मानेतील रोहिणी बांधली. महिन्याने पाहिले, तो पू नव्हता. तातीच्या जागी सजीव तंतू तयार झाले होते. १९१२ साली लिस्टर निवर्तले.