मंबाजी, रामेश्वरभट आणि तुकोबा

देहूच्या तुकोबांच्या घरी वाणसामानाचे दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात पहिली पत्नी आणि मुलगा गेला. पुढे धाकट्या कान्होबाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली.

महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात मंबाजी गोसाव्याची गोष्ट येते. तुकोबांची म्हैस त्याच्या बागेत शिरली, म्हणून त्याने तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपले. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही. तेव्हा तुकोबाच त्याच्याकडे गेले, मारून थकला असशील म्हणत त्याचे अंग चेपू लागले. मंबाजी मात्र फारसा बदललेला दिसत नाही. नंतर देहूत आलेल्या संत बहिणाबाईंनाही त्याने छळलेच.

वाघोलीच्या रामेश्वरभटांमुळे तुकोबांना अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते उपाशी बसले. रुसले, पण विठ्ठलावर. वह्या तरल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढचे मात्र फारसे सांगितले जात नाही. पश्चात्ताप झालेल्या रामेश्वरभटांना तुकोबांनी शिष्य म्हणून जवळ केले. देवळांत आजही म्हटली जाणारी ‘आरती तुकारामा’ त्यांचीच.